पाळणे आणि पाळत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, 'शुभ' आणि 'लाभ' लिहायचे, हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या, साळीच्या लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा. लहानपणी मला या पूजेचे नवल वाटे. नाण्यांची पूजा कळत होती. पण वहीची पूजा कशासाठी? पुढे मी एका मोटारी विकणाऱ्या पेढीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथे रोजकीर्द आणि खतावणी यांच्या शेजारी आणखी एक वही पाटावर मांडलेली दिसली. गाडीसाठी पैसे भरून वाट पाहत असलेल्या गिऱ्हाइकांच्या नावांची ती वही होती. त्या वहीबद्दल मला काही सांगायचे आहे. पण ते सांगण्याआधी एका जुन्या, दूरदेशीच्या धंद्याची हकीकत सांगतो. माझ्या मनातला प्रश्न त्या हकीकतीवाचून नीट मांडता येणार नाही.

प्रश्न साधा आहे. नोकरी करणाऱ्या माणसाची शिस्त कोणाची? त्याची स्वतःची, की ज्याचा तो पगार घेतो त्याची?

वाण्याच्या, सराफाच्या, कापडवाल्याच्या धंद्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीती असतात. मापात पाप करू नये हे वाण्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. तो तरीही ते करतो की नाही, हा प्रश्न वेगळा. मोटारविक्याला मात्र असा कुठलाच वारसा नव्हता. अमेरिकेत 1898च्या सुमारास डेट्रॉइट शहरात विल्यम मेट्झगर या गृहस्थाने मोटारी विकण्याचे दुकान थाटले. त्यापूर्वी तो सायकली विकत असे. त्याच्या मागून जे या धंद्यात आले त्यांतही कोणी सायकलवाले होते, कोणी बग्ग्या विकणारे, कोणी लोहारकाम करणारे. घोडा विकणाऱ्याला घोड्याचे दात दाखवता येत होते. यांच्याजवळ दाखवायला एक धूर ओकणारे यंत्र होते, आणि घेणाऱ्याला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. विकणारा सांगेल तेच खरे. अशा वेळी विकणाऱ्याचा शब्द हेच काय ते माप असते.

1 ऑक्टोबर 1908 रोजी हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आली. किंमत 850 डॉलर. ती प्रामुख्याने खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी होती. गाडीला पायाशी तीन पट्ट्या. पण आजच्यासारख्या नव्हेत. डावी गती बदलण्यासाठी, मधली मागे जाण्यासाठी, उजवी ब्रेकसाठी. तेल कमीजास्त करण्याची दांडी हाताशी, सुकाणूच्या चाकाखाली. आणि चालू करायची ती समोर उभे राहून, लोखंडी हँडल फिरवून. हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची दांडी मागे घ्यायला माणूस विसरला, तर इंजिन उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. तेव्हा गाडी विकणे म्हणजे नुसते पैसे मोजून घेणे नव्हते. घेणाऱ्याला बसवून, पुन्हापुन्हा शिकवून, त्याचे मनगट शाबूत राहील एवढी काळजी घेणे हाही त्या विक्रीचाच भाग होता. आता गंमत पाहा. पैसे मिळाले की विकणाऱ्याचा स्वार्थ संपतो. आणि शिकवायचे काम तर तिथूनच सुरू होते. हे उरलेले काम मनापासून कोण करील? ज्याच्यावर कोणी नजर ठेवली आहे तो, की ज्याला आपल्या कामाची चाड आहे तो?

फोर्डच्या विक्रीखात्याचा प्रमुख नॉर्व्हल हॉकिन्स हा होता. 1907 साली तो फोर्डकडे आला. देशभरच्या एजंटांचे जाळे त्यानेच विणले. 1913च्या सुमारास ही संख्या सुमारे सात हजारांवर गेली होती. दुकान स्वच्छ हवे, सुटे भाग भरपूर हवेत, माणसे तत्पर हवीत, असा त्याचा कटाक्ष. एजंटांसाठी 1908 पासून 'फोर्ड टाइम्स' नावाचे नियतकालिक निघू लागले. शिवाय फिरते तपासनीस दुकानादुकानांतून हिंडत आणि दुकान कसे ठेवले आहे ते पाहत. विक्रेत्याने आपले मन, आपली वाणी आणि आपल्या सवयी कशा घडवाव्यात यावर हॉकिन्सने पुढे पुस्तकही लिहिले. आणि हा हॉकिन्स कोण? तरुणपणी एका तेलकंपनीत रोखपाल असताना त्याने पैशांची अफरातफर केली होती, आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला होता.

हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण मग वाटले, मोह म्हणजे काय हे ज्याने आतून पाहिले आहे, त्यालाच कुंपण कुठे फुटते हे ठाऊक असते. ज्याला कधी भूक लागली नाही त्याने उपासावर प्रवचन द्यावे, त्यापेक्षा हे बरे. फोर्डने त्याला दुसरी संधी दिली हेही मला आवडले. तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहिली. हॉकिन्सच्या या सगळ्या व्यवस्थेला दुकानाची काच पुसलेली आहे की नाही ते दिसत होते. शेतकऱ्याला ठिणगीची दांडी नीट समजावून दिली की नाही, ते दिसत नव्हते.

नजर ठेवण्याची हीच कल्पना फोर्डच्या कारखान्यात फार पुढे गेली. 1913 साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडणे सुरू झाले. काम इतके कंटाळवाणे झाले की माणसे टिकेनात. सुमारे चौदा हजार माणसे कामावर राहावीत म्हणून त्या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. तेव्हा 5 जानेवारी 1914 रोजी फोर्डने जाहीर केले की कामाचे तास नवाऐवजी आठ, आणि मजुरी दिवसाला पाच डॉलर. म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक. काही दिवसांतच कडाक्याच्या थंडीत कारखान्याच्या दाराशी हजारो बेकार जमले, आणि गर्दी आवरण्यासाठी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडावे लागले.

पण या पाच डॉलरांत एक मेख होती. निम्म्याहून कमी रक्कम तेवढी मजुरी; उरलेली नफ्यातला वाटा म्हणून. हा वाटा मिळायचा तर माणसाचे वर्तन चांगले हवे. ते चांगले आहे की नाही हे पाहण्यासाठी एक वेगळे खातेच निघाले. त्या खात्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. नवराबायकोचे लग्न रीतसर झाले आहे का, घर स्वच्छ आहे का, दारू किती, बँकेत शिल्लक किती, घरात भाडोत्री किती ठेवले आहेत, सगळे विचारून टिपून घेत. कसोटीला न उतरणाऱ्याचा वाटा अडकवून ठेवायचा. सुधारायला सहा महिन्यांची मुदत. तरीही न सुधारला तर घरी.

या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पुष्कळांची घरे खरोखर सुधारली. शिल्लक पडू लागली. परदेशांतून आलेल्या कामगारांना कंपनीच्या शाळेत इंग्रजी शिकायला मिळाले. 1915च्या अखेरीस सॅम्युअल मार्क्विस हा डेट्रॉइटमधला धर्मगुरू या खात्याचा प्रमुख झाला. माणसांना सुधारण्यासाठी उद्योगधंदा हे मोठे साधन आहे, अशी त्याची श्रद्धा होती. 1921 साली तो राजीनामा देऊन बाहेर पडला, आणि दोन वर्षांनी त्याने फोर्डवर जे पुस्तक लिहिले त्यात आदर होता तशीच निराशाही होती. माणसे सुधारण्याची भाषा मागे पडली आणि कारखान्यात नुसती पाळत उरली. पुढे हॅरी बेनेटच्या अमलात दांडगट माणसांकडून कामगारांवर नजर ठेवली जाऊ लागली. कामाच्या वेळी बोलण्याला मनाई, म्हणून ओठ न हलवता कुजबुजण्याची विद्या कामगारांनी साध्य केली. ही शिस्त म्हणायची की शिस्तीची विटंबना?

आणि ज्या मालकाने कामगाराच्या घरची शिल्लक मोजली, त्याची स्वतःची वागणूक कशी होती? 1920च्या अखेरीस मंदी आली. गाड्या खपेनात. फोर्डला सावकारांचा तिटकारा. कर्ज काढायचे नाही हा त्याचा बाणा. मग त्याने काय केले, तर न मागितलेल्या गाड्या एजंटांच्या दारात पाठवून दिल्या. पैसे रोख मोजा, नाहीतर एजन्सी सोडा. बिचारे एजंट गावातल्या बँकेत गेले आणि त्यांनी कर्जे काढली. म्हणजे काटकसर आणि ऋणमुक्ती यांचा पाठ देणाऱ्याने स्वतःचे ऋण दुसऱ्याच्या नावावर लिहिले. व्यवहारात तो वाचला. पण ज्यांनी दुकानाच्या काचा पुसल्या होत्या आणि तपासनिसांना दारात हसून सामोरे गेले होते, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल? नियम पाळणाऱ्याला बाकी सगळे सोसते. नियम घालून देणारा त्यातून सुटलेला पाहिला, की मात्र त्याच्या मनातला तो नियम कुजायला लागतो.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, कारण हे कुजणे मी स्वतः अनुभवले आहे.

फोर्ड कंपनीने 1926 साली मुंबईत ठाण मांडले, 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि मोटारविक्रीची ही विलायती रीत आपल्याकडेही रुजली. मी 1969 साली मुंबईच्या एका पेढीत लागलो तेव्हा परदेशी कंपन्या कधीच निघून गेल्या होत्या. देशात तीनच तऱ्हेच्या मोटारी तयार होत, आणि पैसे भरून वर्षानुवर्षे थांबल्याशिवाय हवी ती गाडी मिळत नसे. अमेरिकेतला विक्रेता गिऱ्हाइकाची मनधरणी करी. आमच्याकडे गिऱ्हाईकच विक्रेत्याची मनधरणी करी. पेढीची शिस्त कडक होती. पाच मिनिटे उशीर झाला की मस्टरवर तांबडी रेघ. तीन रेघांना अर्धा दिवस कापला जाई. संध्याकाळी वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती होई. डबासुद्धा उघडून दाखवावा लागे.

ही झडती आमच्या मोठ्या मिस्त्रींनाही चुकत नव्हती. वीस वर्षे नोकरी झालेला, रत्नागिरीकडचा तो शांत माणूस रोज संध्याकाळी पहारेकऱ्यासमोर रिकामा डबा उघडून धरी. मला ते पाहवत नसे. त्यांना काही वाटत होते की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळले नाही.

एकदा एक गाडी तयार होऊन दारात उभी होती. मालक आत बसले होते, त्यांना पुण्याला जायचे होते. मी कागद घेऊन गेलो, तर मिस्त्री गाडीखाली जॅक लावीत होते. पुढचे चाक उतरवून त्यांनी आतले सगळे पुन्हा खोलले.

मी म्हणालो, "मिस्त्री, सही झाली आहे. साहेब खोळंबलेत."

"पाच मिनिटं बसू देत."

"काय राहिलं आहे?"

"राहिलं काहीच नसणार. आत एक पिन असते, ती घालून मोडायची. मी मोडली, असं डोक्याला आठवतंय. हाताला आठवत नाही."

पिन जागच्या जागी होती. मोडलेलीही होती. त्यांनी चाक चढवले, हात पुसले आणि म्हणाले, "आता बोरघाट उतरू देत." त्या पाच मिनिटांसाठी शेठजींनी त्यांना चार शब्द सुनावले. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले. पण दुसऱ्या वेळी घाईघाईने एक गाडी बाहेर काढायची होती तेव्हा "मी सही करणार नाही" असे त्यांनी शेठजींना तोंडावर सांगितले, आणि शेठजी गप्प बसले.

आता माझ्या वहीकडे येतो. नावे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने गाडी द्यायची, असा नियम होता. पण शेठजींच्या केबिनमधून अधूनमधून एक चिठ्ठी येई. तिच्यावर एक नाव असे, आणि ते नाव वर सरके. मीच ते सरकवत असे. पहिल्या चिठ्ठीला माझा हात थबकला. पाचव्या चिठ्ठीला थबकला नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाने आपली नोंदणी रद्द केली. गाडी पुढच्या नावाला जायची, आणि ते नाव तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांचे होते. त्याच दुपारी एक कंत्राटदार माझ्या टेबलाशी आला आणि त्याने मिठाईच्या पुड्याखाली शंभराची नोट ठेवली. माझा पगार तेव्हा एकशे साठ होता. बहिणीची पहिली भाऊबीज होती. शेठजी नावे सरकवतात, मग मी एकदा सरकवले तर काय बिघडले, असा विचार मी केला. खरे सांगायचे तर विचार नंतर केला. नाव आधी सरकवले.

डॉक्टरांची अंतर्देशीय पत्रे येत राहिली. अक्षर सुरेख, मजकूर दोन ओळींचा. माझा नंबर कुठवर आला आहे, कळवण्याची कृपा करावी; पावसाळ्यात वाडीवस्तीवर जाण्याची अडचण होते. मी ठरावीक उत्तर टाइप करून पाठवत असे. त्यांना गाडी मिळाली ती जवळजवळ एका वर्षाने, पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. गाडी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी सगळे मिस्त्रींना सांगितले. ते रागावतील, निदान काही बोलतील, असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "कुठली गाडी त्यांची?" आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी त्यांनी कोणाच्या हाती न देता स्वतः चारही चाके उतरवून तपासली. डॉक्टर आले, माझे आभार मानले, आणि "आमच्या घरच्या आहेत," असे म्हणून चकल्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यांना काही बोललो नाही. चकल्या उत्तम होत्या. घरी सगळ्यांनी खाल्ल्या, मीही खाल्ल्या.

पुष्कळ वर्षे मी या प्रसंगाचा दोष शेठजींच्या चिठ्ठ्यांवर टाकत आलो. त्यात तथ्य नाही असे नाही. नियम जिथे वरच्या मजल्यावर थांबतो, तिथे खालच्या मजल्यावरच्या शिस्तीला केवळ भीतीचा आधार उरतो; आणि भीती पाठ वळेपर्यंतच टिकते. पण ज्या पेढीत मी होतो त्याच पेढीत मिस्त्री होते. चिठ्ठ्या त्यांना ठाऊक होत्या. झडती तर रोज त्यांचीच होत होती. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो, मग आपण तरी विश्वासाने का वागावे, असे म्हणण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांना अधिक होता. त्यांनी तो कधी वापरला नाही.

कोणी म्हणेल, यात मालकाचा फायदाच झाला. कामगाराने स्वतःच स्वतःचा मुकादम व्हावे, याहून मालकाला अधिक काय हवे? हा आक्षेप खोटा नाही. स्वयंशिस्तीचा उपदेश पुष्कळदा कमी पगारात जास्त काम काढून घेण्यासाठी केला जातो, आणि असा उपदेश करणाऱ्याकडे संशयाने पाहावे हेच बरे. पण मिस्त्रींची शिस्त मालकासाठी असती, तर मालक घाई करीत असताना त्यांनी चाक उतरवले नसते. ज्याची शिस्त स्वतःची असते, त्यालाच मालकाला 'नाही' म्हणता येते. मला ते कधीच म्हणता आले नाही. कारण माझ्याजवळ होती ती शेठजींची शिस्त होती. ती त्यांनी जिकडे वाकवली तिकडे वाकली.

पाळणे आणि पाळत ठेवणे हे शब्द दिसायला इतके जवळचे, पण त्यांत एक मोठे अंतर आहे. पाळतीत कोणीतरी आपल्याकडे पाहत असतो. पाळण्यात आपण कोणाकडे तरी पाहत असतो, आणि तो माणूस बहुधा समोर नसतो. मिस्त्रींना पिन मोडताना बोरघाटाचा उतार दिसत होता. मला वहीत नाव लिहिताना डॉक्टर दिसत नव्हते, त्यांची पावसाळ्यातली वाट दिसत नव्हती. दिसत होता तो एक क्रमांक. मी काही फार वाईट माणूस होतो असे मला वाटत नाही. फक्त त्या दुपारी एका माणसाची मला आठवण राहिली नाही.

आता बोटाच्या ठशाने हजेरी लागते, दुकानांतून कॅमेरे बसले आहेत. त्यांची गरज नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी माझ्या टेबलावर कॅमेरा रोखलेला असता, तर त्याला एक तरुण कारकून खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिताना दिसला असता. मन लावून काम करतो आहे, असेच त्यावरून वाटले असते.

मिस्त्री वारले त्याला पुष्कळ वर्षे झाली. डॉक्टरांना पत्र लिहून सगळे सांगावे असे अनेकदा मनात आले. एकदा पाकिटावर पत्तादेखील लिहिला होता. ते पत्र गेले नाही, आणि आता ते घ्यायला कोणी असेल असे वाटत नाही. आमच्या घरात व्यापार नाही. तरी लक्ष्मीपूजनाला मी घरखर्चाची वही पाटावर ठेवतो. गेल्या वर्षी नातवाने विचारले, "आजोबा, वहीची पूजा कशाला?" मी त्याला म्हणालो, "तिच्यात माणसांची नावं असतात, बाळा." दूधवाल्याचे, वाण्याचे, कामाच्या बाईंचे, अशी नावे त्याने बोट ठेवून वाचली, आणि प्रत्येक नावावर एकेक अक्षता ठेवली.